फोर्ट लँगलीला लहान मुलांना घेऊन जावं का, कंटाळतील का?

जुलैमध्ये कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरेला बहिणीकडे येताय, मुलं 6 आणि 10 वर्षांची, आणि तिथून जवळचा फोर्ट लँगली हा फरच्या व्यापाराचा जुना किल्ला बघून मुलांना काय कळणार असं तुम्ही विचारलंय. न्याच. फक्त मुलांना "किल्ला बघायला चाललोय" असं सांगू नका. मी ती चूक केली. आमचा मुलगा तेव्हा 9 वर्षांचा, आजोबांबरोबर सिंहगड चढलेला. गाडीतून उतरला, समोरची लाकडी ओंडक्यांची भिंत बघितली आणि म्हणाला, "हे तर कुंपण आहे!" कोपऱ्यात बुरूज आहे तोही लाकडाचाच, त्यामुळे साहेबांचं तोंड अजूनच वाकडं.

मग मला सुचलं की अरे, हा किल्ला नाहीच, ही वखार आहे. सुरतेची, राजापूरची असते ना, तशीच. ही वखार ज्यांची, त्या फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला इंग्लंडच्या राजाने सनद दिली 1670 मध्ये, म्हणजे तानाजींनी कोंढाणा घेतला त्याच वर्षी, हे सांगितल्यावर गडी एकदम जागा झाला. (त्या दिवाळीत मातीच्या किल्ल्याशेजारी आइस्क्रीमच्या काड्यांची वखार उभी राहिली आणि मावळ्यांनी ती लगेच लुटलीसुद्धा.)

आत गेल्यावर आधी कोठाराची इमारत गाठा. बाकीचं बहुतेक सगळं नंतर पुन्हा बांधलेलं आहे, ही एवढीच 1840 च्या दशकातली खरी. तिथे कातडी टांगलेली असतात आणि हात लावता येतो. बीव्हरचं (नदीत बांध घालून राहणारा प्राणी) कातडं उलट्या बाजूने चोळलं की वरच्या राठ केसांखाली अगदी मऊ लव लागते, त्या लवेचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, करून युरोपात हॅट बनवायचे, सगळा धंदा त्या हॅटपायी. माझी मुलगी 5 वर्षांची, तिने हात लावायच्या आधी विचारलं "याला मारलं का?" हो म्हणालो, खोटं काय सांगायचं. तिने हात मागे घेतला आणि शेजारच्या घोंगड्यांकडे गेली. तुमच्याकडेही हा प्रश्न येणार, तयारीत राहा.

गंमत म्हणजे इथे नुसत्या फरवर भागत नव्हतं. क्वांटलेन आणि आसपासच्या मूळ लोकांकडून कंपनीवाले सॅमन मासे विकत घ्यायचे, मीठ लावून पिंपात भरायचे आणि थेट हवाईला पाठवायचे, कामगारांतही बरेच हवाईचे होते. म्हणून पिंपं बनवणाऱ्याचं दुकान चुकवू नका, गोंद नाही खिळा नाही, नुसत्या कड्यांनी फळ्या आवळतात. लोहार भट्टीवर असला तर मुलं तिथून हलत नाहीत, आमची तरी ऐरणीवरचा लाल खिळा काळा होईपर्यंत उभी होती.

आवारातल्या मोठ्या घरात (तिथे त्याला "बिग हाउस" म्हणतात) 19 नोव्हेंबर 1858 ला गव्हर्नर जेम्स डग्लसने ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे आजचा हा प्रांत, वसाहत झाल्याची घोषणा केली, कारण फ्रेझर नदीत सोनं सापडल्यावर अमेरिकेतून खाणवाल्यांचा लोंढा आला आणि हा मुलूख हातचा जाईल अशी भीती होती. 10 वर्षांच्याला हे सांगा, 6 वाल्याला सोडून द्या.

17 वर्षांपर्यंत मुलांना तिकीट नसतं. दोन-अडीच तास पुरतात, जेवायला बाहेर गावात चालत जाता येतं. आणि वाळू धुवून सोनं शोधायचा खेळ शेवटी ठेवा, पहिल्यांदा केलात तर पुढचं काही बघायला मिळणार नाही. बाह्या कोपरापर्यंत भिजतात, मोजे का भिजतात ते मला अजून कळलेलं नाही, पण भिजतात, एक जादा जोडी ठेवा.