सायकलवर रोज २०० किमीची राइड जमते. पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत सोलो करायची तर तयारी कशी करावी?

किमान सहा महिने हाताशी ठेवा आणि तेवढ्यात ३००, ४००, ६०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) याच क्रमाने करा; रोज अंतर तुडवत बसण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं. मी ६०० ची दोनदा पूर्ण केली आहे. दोन्ही वेळा पायांच्या आधी बाकीच्यांनीच कुरकुर केली: करंगळी बधिर, बैठकीला सालटं, आणि पहाटे तीनला केळं तोंडात फिरतंय पण गिळवत नाही. वेळमर्यादा ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०, म्हणजे ४०० पासून रात्र चुकत नाही. रेस साधारण ६४० किमीची, तिथेही चुकणार नाही.

सरावातच पक्कं करायचं:

- तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं: दोन केळी आणि चिक्कीचा तुकडा. मीठ वेगळं. भूक लागायची वाट पाहू नका.
- बाइक फिट (सायकल आपल्या मापाला बसवून घेणं) आधी. सीट, हँडल, शॉर्ट्स शेवटच्या महिन्यात बदलू नका.
- थकल्यावर घाट. ताज्या पायांनी सिंहगड सगळेच चढतात.
- शेवटचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर. (हे कुणालाच पटत नाही.)

फक्त एक, बीआरएम ही शर्यत नव्हे. तिथे सगळं आपलं आपण बघायचं. इथे मागे गाडी आणि क्रू असतो. त्याच माणसांना घेऊन एक अख्खी रात्र चालवून बघा. झोपाळलेला ड्रायव्हर पंक्चरपेक्षा महागात पडतो.