उन्हाळ्याच्या सुट्टीत थिएटरला जाऊन बघावेत असे सिनेमे कोणते?

२०२६च्या सुट्टीत थिएटरसाठी एकच सिनेमा निवडायचा असेल तर 'राजा शिवाजी'. १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिन, ही तारीख जाहीर झाली आहे. रितेश देशमुख आपल्या लातूरचा. दिग्दर्शन त्याचं आणि मुख्य भूमिकेतही तोच. पण माझं खरं कारण वेगळं आहे. कॅमेरा संतोष सिवन यांचा आणि संगीत अजय-अतुल यांचं. अजय-अतुल यांचंच संगीत असलेला 'सैराट' आम्ही लातूरला पडद्यावर पाहिला, २९ एप्रिल २०१६ला आला होता तो. 'झिंगाट'चा ढोल सुरू झाला आणि पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर गेली. खुर्चीची लाकडी पाठ हाताखाली थरथरत होती. तो अनुभव मोबाईलवर येत नाही हो.

लेकरांसाठी 'टॉय स्टोरी ५' आहे, पण तो जूनमध्ये, तोवर पेरणीची गडबड सुरू होईल.

एक सांगतो, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२च्या पुढं जातो, त्यामुळं दुपारचा शो घ्या. गावाकडून येणार असाल तर एसी चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा. मागं एकदा आईला घेऊन गेलो, एसी बंद होता, मध्यंतरातच उठावं लागलं.