न सापडलेल्या पाणबुडीचा हिशोब

चि. बेटी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी, गणिताची धास्ती, घरच्यांचं "दर्या कुठं अन् माजलगाव कुठं, कामून जायचं तिकडं?", सगळं मोकळेपणानं लिहिलंस. पण मला भिडला तो शेवटचा प्रश्न : "काका, तुम्ही उभी नोकरी पाणबुड्या शोधण्यात काढली, मग सापडल्या किती?" आधी त्याचंच उत्तर देतो, कारण ते पटलं नाही तर नौदलाच्या या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या शाखेत येऊन तू दुःखी होशील.

बहुतेक उड्डाणांत काहीही सापडत नाही. समुद्राचा नेमून दिलेला तुकडा तासन्‌तास धुंडाळायचा आणि उतरल्यावर अहवालात लिहायचं, संपर्क नाही. वर्षानुवर्षं हेच. तरीही याहून मोलाचं काम मला दुसरीकडे मिळालं असतं असं वाटत नाही. आपल्या त्या "संपर्क नाही"वर भरवसा ठेवून मागून जहाजं येतात आणि त्यांवर शेकडो माणसं असतात. ते "नाही" खरं असावं लागतं.

ते खरं ठरवणं किती अवघड असतं ते सांगतो. तुला पोहता येतं का? येत नसेल तर या उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून भावाबरोबर विहिरीत उतर. नौदलात पोहणं चुकत नाही, आणि आपल्याकडच्या पोरींना ते कुणी शिकवत नाही. मे महिन्यात वरचं पाणी कोमट लागतं आणि पाय खाली सोडले की पुरुषभर खोलीवर एकदम गार. समुद्रातही असंच असतं, फक्त तो थर पुष्कळ खोल असतो आणि ऋतूप्रमाणे, कधी कधी दिवसाच्या वेळेप्रमाणेही बदलतो. आवाज पाण्यातून सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण गरम पाण्यात जरा वेगानं आणि गार पाण्यात जरा हळू, आणि तो नेहमी हळू बाजूकडे वळतो. म्हणून जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारचा, म्हणजे आवाजानं शोध घेणाऱ्या यंत्राचा, आवाज गार थराशी पोचला की खाली वाकतो आणि पुढे बराच पट्टा असा राहतो जिथे तो पोचतच नाही. पाणबुडीचा कप्तान हे आपल्याइतकंच जाणतो. तो थराखाली जाऊन गप्प बसतो. वरून ऐकणाऱ्याला समुद्र रिकामा वाटतो.

म्हणून विमानातून सोनोबॉय टाकतात. नळकांड्यासारखं यंत्र छोट्या पॅराशूटनं पाण्यात पडतं. वरचा भाग तरंगतो, तारेला बांधलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, ठरवलेल्या खोलीपर्यंत खाली जातो आणि जे ऐकू येईल ते रेडिओवरून विमानाला कळवत राहतो. काही तासांनी बॉय आपोआप बुडते. खोली ठरवणं हा सगळा खेळ. थराच्या वर किती, खाली किती, दोन बॉयमधलं अंतर किती, वारा कुठून. हेलिकॉप्टरवाले तर एका जागी अधांतरी थांबून सोनार केबलनं थराखाली सोडतात. आपल्या सी किंग हेलिकॉप्टरांनी हेच काम केलं. त्यांची पहिली स्क्वाड्रन (तुकडी), ३३०, १९७१ मध्येच उभी राहिली.

हेडफोनमध्ये काय ऐकू येतं असंही तू विचारलंयस. किनाऱ्याजवळ कोळंब्यांची तडतड, पावसाची सर, मच्छीमार बोटीचं इंजिन, कुठूनसा व्यापारी जहाजाचा संथ घुमारा, क्वचित देवमासा. या सगळ्यात बॅटरीवर चालणारी डिझेल पाणबुडी जवळजवळ आवाजच करत नाही. पण तिला बॅटरी भरायला कधी ना कधी नळी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात रडारवर तो ठिपका दिसू शकतो. वर विमान आहे अशी तिला शंका जरी आली तरी ती खालीच दबून राहते, तिची बॅटरी उतरत जाते, तिचा वेग आणि मोकळीक जाते. म्हणजे न सापडतासुद्धा आपण तिचं काम बिघडवलेलं असतं. हे कळायला मला बराच काळ लागला. तुला ते आधीच ठाऊक असावं म्हणून लिहितोय.

यामागं इतिहास आहे आणि तो रक्ताचा आहे. विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत ४ मार्च १९६१ ला नौदलात आली. त्याच महिन्यात तिच्यासाठी फ्रान्समध्ये ३१० स्क्वाड्रन उभी राहिली, कोब्राज नावाची. त्यांचं विमान आलिझे : एक टर्बोप्रॉप इंजिन, तीन माणसं, पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे विक्रांतवरून त्यांनी बॉम्बफेकही केली. पश्चिमेला मात्र ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. खुकरी आणि तिची साथीदार नौका किरपाण त्याच पाणबुडीच्या शोधात निघाल्या होत्या. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पुढचे काही दिवस जहाजं आणि विमानं हंगोरच्या मागावर होती. त्याच दिवसांत पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानानं आपलं एक आलिझे पाडलं, त्यातले तिघंही परतले नाहीत. हंगोर कराचीला पोचली.

मी आलिझेवर शिकायला गेलो तेव्हा त्या रात्रीबद्दल बोलणारे लोक स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांनी कधी मोठमोठी भाषणं केली नाहीत. पण माझे एक वरिष्ठ प्रत्येक अहवालावर एकच गोष्ट विचारायचे : "कुठली बॉय मेली होती?" टाकलेल्या बॉयपैकी एखादी कामच करत नाही, हे नेहमीचं. मग तिच्या आजूबाजूचा पट्टा आपण ऐकलेलाच नसतो. तो अहवालात वेगळा लिहायचा. थर किती खोलीवर होता, बॉय किती खोलीवर होत्या, समुद्र किती खवळलेला होता, कुठल्या वेळी कान कमी पडला, सगळं. त्या नोंदीशिवाय नुसतं "संपर्क नाही" लिहिणाऱ्याचा कागद ते परत पाठवायचे, मग तो कोणीही असो. माझ्या मते नौदलात मी शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच.

नंतर मी टीयू-१४२ वर गेलो. १९८८ मध्ये आलेलं ते चार इंजिनांचं अवाढव्य विमान. ३१२ स्क्वाड्रन, अल्बाट्रॉस. आधी गोवा, मग १९९२ पासून तमिळनाडूतलं अरक्कोणम. उड्डाणं एवढी लांब की डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यायचो. केरळी आणि पंजाबी सहकारी ती चटणी मागून खायचे. २९ मार्च २०१७ ला ती विमानं निवृत्त झाली. त्यांच्या जागी पी-८आय विमानं आली होती, त्याच स्क्वाड्रनमध्ये. शेपटीत चुंबकीय बदल टिपणारं यंत्र आहे, सोनोबॉयचं ऐकणं संगणकावर आलंय. तुझी पिढी त्यात बसेल. यंत्र कितीही चांगलं असलं तरी खोली ठरवणारं आणि "मला खात्री नाही" म्हणणारं माणूसच लागतं, एवढं लक्षात ठेव.

धोक्याबद्दल तुझ्या आईनं विचारलंय. मी लपवणार नाही. १ ऑक्टोबर २००२ ला, आयएल-३८ विमानांच्या ३१५ स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, गोव्यावर दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. विमानांतले बारा जण गेले, शिवाय जमिनीवरचेही काही. आईला हे तू सांग. मी प्रत्यक्ष भेटून जास्त सांगेन. त्यांचा होकार हे सगळं ऐकून आलेला असावा.

आता वाटेचं. तू पायलटच म्हणतेस. जरूर प्रयत्न कर, पण ऑब्झर्व्हर ही शाखा दुय्यम समजू नकोस. पाणबुडीविरोधी विमानात डावपेच, बॉयची मांडणी, शस्त्र कधी टाकायचं, याचा विचार ऑब्झर्व्हर करतो. मीही ऑब्झर्व्हरच. मुली या शाखेत २००९ पासून आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पोरबंदरहून डॉर्निअर विमानातून पूर्ण महिला चमूनं समुद्रावर टेहळणी केली. एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली.

छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून आहे, पण ती मुलांसाठी. मुलींची नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. तू अकरावीत असल्यानं त्यात अडकू नकोस. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. यूपीएससीची लेखी ९०० गुणांची, त्यात गणित ३००, आणि एसएसबीची (सैन्यदलांच्या निवड मंडळाची) मुलाखत पुन्हा ९०० ची. म्हणजे निम्मा निकाल क्लासच्या बाहेर लागतो. डोळ्यांची तपासणी आत्ताच करून घे, उशिरा कळलं की फार त्रास होतो.

लातूरला क्लास लावायचा विचार आहे म्हणालीस. लाव. तासन्‌तास एका जागी बसण्याची जी सवय तिथं लागते ती या कामात सोन्यासारखी आहे. फक्त एक वेगळी सवय स्वतः लाव. उत्तर येत नसेल तिथं अंदाज ठोकून पुढे पळू नकोस. वहीत लिही : कुठपर्यंत समजलं, कुठून समजत नाही. एसएसबीत खोटा आत्मविश्वास पकडायला त्यांना फार वेळ लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन अंबाजोगाईला ये. येण्याआधी तरंग आणि ध्वनी ही प्रकरणं वाचून ये, अपवर्तनाचे प्रश्न सोडवून ये. मी जुना अरबी समुद्राचा नकाशा टेबलावर मांडतो, तू मला बॉय कुठं कुठं टाकशील ते दाखव. आणि प्रत्येक बॉयची खोली का तेवढीच, ते मी विचारणार आहे.

तुझा,
काका