वाचकांचे प्रश्न : इटलीत पडलेल्या मराठा शिपायाच्या शोधात

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले बंधू मराठा पलटणीत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत कामी आल्याची तार घरी आली होती, एवढेच आम्हांला वडिलांकडून कळले. ती तार आता नाही. चांदणीच्या आकाराचे एक पदक मात्र घरात जपून ठेवलेले आहे. पुढच्या वर्षी आम्ही चौघे इटलीला जाणार असून रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस असा कार्यक्रम ठरत आहे. त्यातच त्यांच्या कबरीचे दर्शन घेता येईल का, आणि ती कबर कोणत्या गावी आहे हे कसे शोधावे?
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : प्रवासाची आखणी करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिथे पोहोचल्यावर ती कळली तर मन खट्टू होते. आपल्या चुलत आजोबांची कबर बहुधा नसेलच. इटलीत पडलेल्या हिंदू आणि शीख जवानांना शक्य तेथे अग्नी देण्यात आला आणि त्यांची नावे युद्धस्मशानभूमीतील दहनस्मारकांवर कोरण्यात आली. मुस्लिम जवानांचे दफन झाले व त्यांच्या कबरी आजही तेथे आहेत. ज्यांचा देह सापडलाच नाही किंवा ओळखता आला नाही, अशांची नावे रोमच्या दक्षिणेस असलेल्या कासिनो येथील स्मारकावर आहेत. म्हणजे आपण कबर नव्हे, तर दगडावर कोरलेले एक नाव शोधत आहात. ते नाव नेमके कोठे आहे हे भारतात बसून निश्चित करता येते आणि ते निश्चित झाल्याशिवाय विमानाची तिकिटे काढू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शोधाचे मुख्य साधन म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या १९१७ साली स्थापन झालेल्या संस्थेची नोंदसूची. ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तीत जवानाचे नाव, हुद्दा, सैन्यक्रमांक, पलटण आणि मृत्यूचा दिनांक असतो. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. अडचण येते ती नावांच्या इंग्रजी लेखनाची. तेव्हाच्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले. त्यामुळे जाधवांचे ‘जाधाव’ किंवा ‘जाधो’ होते, भोसल्यांचे ‘भोसले’ आणि ‘भोंसले’ दोन्ही आढळते, आणि कित्येकदा आडनावच नसून पाळण्यातले नाव तेवढे असते. पलटणीचे नावही जुन्या इंग्रजी वळणाने, ‘आर’च्या आधी ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ असे, लिहून शोधावे लागते. म्हणून नावापेक्षा गावावरून आणि वडिलांच्या नावावरून शोध घेणे अधिक फलदायी ठरते. मात्र जिल्हा त्या काळचा धरावा. पोलादपूर तेव्हा कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात होते. आजचा सिंधुदुर्ग काही रत्नागिरीत तर काही सावंतवाडी संस्थानात होता. आणि आज सांगलीत असलेली अनेक गावे सातारा जिल्ह्याच्या नावाखाली सापडतात.

घरातल्या पदकाकडेही नीट पाहावे. सहा टोकांच्या त्या चांदणीची फीत शिल्लक असेल आणि तिच्यावर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे उभे पट्टे असतील, तर ते ‘इटली स्टार’ होय. पदकाच्या मागील बाजूस क्रमांक आणि नाव कोरलेले असल्यास तो क्रमांक सर्वांत मोलाचा, कारण नावाचे लेखन कितीही बदलले तरी सैन्यक्रमांक एकच राहतो. तो हाती असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयास पत्र लिहावे. भरती बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलात झाल्याचे निघाले तर ते पत्र खडकीस जाईल. पत्रासोबत नात्याचा पुरावा, गावाचे जुने नाव आणि कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळत होते का याची माहिती द्यावी. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्यही अवश्य घ्यावे.

नोंद सापडली की मृत्यूचा दिनांक आणि पलटणीचा क्रमांक या दोन गोष्टी हाती येतात, आणि माझ्या मते खरा प्रवास येथून सुरू होतो. दगडावरचे नाव जेथे आहे तेथेच मनुष्य पडला असे नसते. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आपटेवाडीचे नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घ्या. तिसऱ्या पलटणीचे हे २२ वर्षांचे नाईक १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनसमोर सापडले. त्यांच्या तुकडीतील बाकी सारे मृत्युमुखी पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसे भरण्यास अवधी नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. नंतर लागलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. ते पडले ती टेकडी मात्र तेथून फार दूर, उम्ब्रिया प्रांतातील मोन्तोने या डोंगरावरच्या जुन्या गावाजवळ आहे. त्या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सौरघड्याळ उभारले. कासिनोला जाऊन मोन्तोनेला न जाणे म्हणजे नाव वाचून माणूस न भेटल्यासारखे आहे.

इटलीत मराठ्यांच्या मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या पलटणी लढल्या, हे ध्यानात ठेवल्यास नकाशा बराच सोपा होतो. पहिली पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली आणि एड्रियाटिक किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत नोव्हेंबरमध्ये सांग्रो नदीवर पोहोचली. पावसाने फुगलेली ती नदी ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावरचे मोझ्झाग्रोन्या हे गाव घेण्यासाठी घरोघरी लढाई झाली. आपल्या नोंदीत नोव्हेंबर किंवा डिसेंबर १९४३ असा दिनांक निघाला, तर प्रथम पाहावी ती तोरिनो दी सांग्रो गावाजवळच्या उतारावरील सांग्रो रिव्हर वॉर सेमेटरी. तेथे २,६१७ जणांच्या कबरी आहेत आणि दहनस्मारकावर ५०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. ही स्मशानभूमी नदीच्या खोऱ्यावरच असल्यामुळे नाव आणि रणभूमी दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात, आणि नकाशा हाती घेऊन तेथे उभे राहिल्यावर पलटण कोठून आली आणि कोठे चढली हे माहितीफलकाविनाही उमगते.

दिनांक १९४४ च्या मे महिन्यातला असेल तर कासिनोजवळची गारी नदी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला असेल तर उम्ब्रिया आणि तस्कनीच्या टेकड्या व आरेत्झो येथील युद्धस्मशानभूमी, आणि त्यानंतरचा असेल तर फोर्ली येथील भारतीय सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी, असा साधारण क्रम लागतो. फोर्लीच्या उत्तरेस काही अंतरावर सेनिओ नदी आहे. तिचे उंच बांध आजही तसेच आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी तेथे दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून सुखरूप आणले, नंतर तीन मशीनगन ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले आणि जिवंत परतले.

आता आपल्या कार्यक्रमाविषयी. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस या ठरीव वाटेवर यांतले एकही ठिकाण नेमके येत नाही, आणि सहल कंपनीची बस आपल्यासाठी वाट वाकडी करणार नाही. त्यामुळे समूहसहल न घेता स्वतंत्रपणे जावे, व्हेनिस वगळावे लागले तरी चालेल, असे मी मोकळेपणाने सांगतो. कासिनोला रोमहून रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परत येता येते. फोर्ली हे बोलोन्याहून एड्रियाटिककडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावरच आहे. सांग्रोसाठी मात्र पेस्कारा येथे मुक्काम करून गाडी भाड्याने घ्यावी आणि आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातूनच काढून न्यावा. मोन्तोनेसाठीही गाडीच लागेल. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला. ऑगस्टच्या मध्यास लहान गावांतील बरेचसे व्यवहार बंद असतात. निघण्यापूर्वी स्मारकावरील फलकाचा क्रमांक आणि स्तंभ नोंदसूचीतून टिपून घ्यावा, अन्यथा शेकडो नावांमध्ये एक नाव शोधताना वेळ जातो आणि घरच्या वृद्धांना उन्हात उभे राहावे लागते.

प्रश्न : आमचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले, असे घरात सांगतात. बसरा येथे मोठे स्मारक असल्याचे वाचले. तेथे जाता येईल का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ‘बसऱ्याची लढाई’ या शब्दांत आपल्याकडच्या घराघरांत सबंध मेसोपोटेमियाची मोहीम सांगितली जाते. त्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्या तिन्ही टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातून चालविलेल्या कैद्यांपैकी कितीतरी जण वाटेत आणि तुर्की छावण्यांत गेले. म्हणून प्रथम पलटणीचा क्रमांक शोधावा. तो या तिहींपैकी असेल आणि मृत्यू एप्रिल १९१६ नंतरचा असेल, तर आपले पूर्वज लढाईत नव्हे, कैदेत गेले असण्याचा संभव अधिक आहे.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची स्मृती आहे, परंतु ते उभारताना भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि सामान्य शिपायांची केवळ पलटणवार संख्या लिहिली गेली. ही गोष्ट मला अतिशय अन्यायाची वाटते. स्मारकाची देखभाल करणाऱ्या कमिशननेच २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून अशा असमान वागणुकीबद्दल क्षमा मागितली. शिवाय १९९७ साली ते स्मारक मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. इतका धोक्याचा आणि खर्चाचा प्रवास करून आपल्याला तेथे पूर्वजांचे नाव दिसणार नाही, म्हणून आज तरी मी हा प्रवास सुचवीत नाही. त्यांचे नाव कमिशनच्या नोंदसूचीत मात्र असू शकते, आणि ते तेथे पाहावेच. त्याचबरोबर आपल्याच परिसरातील गावांतून त्या युद्धाचे दगडी फलक आहेत, ज्यांवर त्या गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत हे लिहिलेले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. आपल्या मूळ गावी चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीवर असा फलक आहे का, हे प्रथम पाहावे आणि तो चुन्याने किंवा रंगाने झाकला गेला असल्यास ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करावा.

प्रश्न : आम्ही सांग्रो येथे जात आहोत. तेथे वडिलांच्या काकांचे श्राद्ध करता येईल का? तेथील माती आणावी, अशी ८६ वर्षांच्या आत्याची इच्छा आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सविस्तर विधीसाठी ती जागा नाही, अग्नी पेटवणे, तांदूळ-तीळ सांडणे किंवा दगडाला कुंकू लावणे टाळावे, कारण दगडाला डाग पडतो आणि ती जागा अनेक धर्मांच्या कुटुंबांची आहे. फुले वाहणे, नावासमोर उभे राहून प्रार्थना म्हणणे आणि तेथील अभ्यागतांच्या वहीत देवनागरीत नाव-गाव लिहिणे यांस काही अडचण नाही. माती मात्र आणू नये. परवान्याशिवाय परदेशी माती भारतात आणण्यास वनस्पती-संगरोधाच्या नियमांनुसार बंदी आहे आणि ती विमानतळावर काढून घेतली गेली तर आत्याबाईंना अधिक वाईट वाटेल. त्याऐवजी नावाचे जवळून स्पष्ट छायाचित्र घ्यावे, दुसरे छायाचित्र स्मारकापासून नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून घ्यावे, आणि शक्य झाल्यास तेथूनच त्यांना व्हिडिओवर ते नाव दाखवावे.

श्राद्धाविषयी एक सूचना आहे. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्याने अशा अनेक घरांत सर्वपित्री अमावास्येलाच पान वाढले जाते. आता नोंदसूचीतून इंग्रजी दिनांक मिळाला असेल, तर त्या वर्षीच्या पंचांगावरून तिथी काढून घ्यावी. जुनी पंचांगे मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. दिनांकाऐवजी ‘अमुक ते अमुक या दरम्यान’ असे लिहिलेले असल्यास लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्या पलटणीची युद्धदैनंदिनी आहे का ते पाहावे. पलटण कोणत्या दिवशी चकमकीत होती हे तीत दिवसवार लिहिलेले असते, आणि प्रत शुल्क भरून मागवता येते. आत्याबाईंचे वय पाहता ही मागणी प्रवासाला निघण्यापूर्वीच नोंदवावी.