एकाच ‘शोधा’त दुर्बीण आणि गुरूचे चंद्र

औंढा नागनाथ भागातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: दुर्बिणीचाही ‘शोध’ आणि गुरूच्या चंद्रांचाही ‘शोध’, त्यामुळे मुलं गोंधळतात. हिंदीत ‘खोज’ (आधीपासून असलेलं सापडणं) आणि ‘आविष्कार’ (नवं काही तयार करणं) असे दोन शब्द आहेत, तसे आपणही वापरावेत का?

सर, ‘आविष्कार’ या अर्थाने घेऊ नका. मराठीत तो शब्द आधीच कामाला लागलेला आहे: कलाविष्कार, भावनांचा आविष्कार. ‘आविस्’ म्हणजे उघड. आतलं बाहेर दिसणं तो आविष्कार. ‘संशोधना’चंही तसंच. हिंदीत संविधानाचं संशोधन होतं, आपल्याकडे घटनादुरुस्ती होते. ‘शोध’ आणि ‘संशोधन’ दोन्ही ‘शुध्’ धातूचे, म्हणजे स्वच्छ करणं. विहिरीतला गाळ उपसत तळ दिसेपर्यंत जायचं, तसं काहीसं.

फरक दाखवायचं काम मराठीत क्रियापदाकडे द्यावं. नुसत्या ‘शोध लागला’ने भागत नाही, कारण आपण ‘चाकाचा शोध लागला’ असंही सर्रास म्हणतो. पण आपल्याकडे विहीर खोदायला घेतली की येणारा-जाणारा विचारतो, “पाणी लागलं का हो?” पाणी खाली होतंच, म्हणून ते ‘लागतं’. ते वर आणणारी मोट मात्र कुणाला ‘लागली’ नाही. ती कुणीतरी डोकं लढवून केली. मुलांना हे लगेच कळेल.

आता दुर्बीण. हान्स लिपरशे या चष्मे करणाऱ्या कारागिराने १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये तिचं पेटंट मागितलं. ते मिळालं नाही, कारण इतरांनीही दावा सांगितला होता. गॅलिलिओने बातमी ऐकून स्वतःची दुर्बीण बनवली, ती सुधारत नेली आणि जानेवारी १६१० मध्ये तिच्यातून त्याला गुरूचे चंद्र दिसले. म्हणजे दुर्बीण बनवली, चंद्र दिसले. ‘गॅलिलिओने दुर्बिणीचा शोध लावला’ हे वाक्य प्रश्नमंजूषेत फार वेळा दिसतं, आणि मला ते खरोखर टोचतं. ‘शोध’ शब्दाआड दोन माणसांची दोन कामं एक होऊन जातात.

तुमच्या औंढ्याचं उदाहरण तर याहून सुंदर आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारे तरंग, असतील हे आइन्स्टाइनने १९१६ मध्ये गणिताने सांगितलं. ते भाकीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या, अशा लहरी टिपण्यासाठीच बांधलेल्या यंत्राच्या दोन वेधशाळांनी त्या लहरी टिपल्या. प्रत्येकीच्या दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची, आणि भुजांच्या लांबीतला, प्रोटॉन या अणूतल्या कणाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक ओळखायचा! असंच यंत्र औंढ्याजवळ उभारायचं आहे. लहरी आइन्स्टाइनने वर्तवल्या, यंत्र बांधलं, लहरी टिपल्या: तीन क्रियापदं, तीन कामं.

पुढे वर्तमानपत्रात ‘लायगोचा शोध’ असा मथळा आला, की वर्गात एवढंच विचारा: लायगोने लावलेला, की लायगो या यंत्राचाच?