वाचकांचे प्रश्न : मिस्सा ऐरोलीत, मन वसईत

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून मूळचा वसईजवळच्या एका गावचा आहे. नोकरीमुळे गेली नऊ वर्षे आम्ही ऐरोलीत राहतो. गावी रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), संध्याकाळची जपमाळ, मे महिन्यात क्रुसाजवळची प्रार्थना हे सारे कोणी न सांगता घडत असे. (प्रवचनाच्या वेळी आम्ही तरुण मंडळी बाहेर झाडाखाली उभी राहत असू, हेही कबूल करतो.) इथे मिस्सा इंग्रजीत असते. आजूबाजूला मल्याळी, गोवेकर, मंगळुरी, तमिळ कुटुंबे असतात. उत्तरे तोंडपाठ झाली आहेत, पण ती म्हणताना ऑफिसातल्या बैठकीत बोलल्यासारखे वाटते. दोन वर्षांपासून प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. त्यात आमच्या वसाहतीतल्या लघु ख्रिस्ती समूहाने (शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या छोट्या गटाने) मला खजिनदार होण्याची गळ घातली आहे. श्रद्धाच जाणवत नसताना असे पद घेणे हा ढोंगीपणा ठरणार नाही का? की सरळ दर रविवारी वसईला जाऊन मिस्सा ऐकावी? माझा धर्मग्राम (पॅरिश) खरे तर तोच नाही का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. आपला धर्मग्राम वसईचा नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, धर्मग्राम सर्वसाधारणपणे भूप्रदेशावरून ठरतो आणि माणूस जिथे कायमच्या वस्तीच्या इराद्याने किंवा सलग पाच वर्षे राहतो, तिथला प्रमुख धर्मगुरू हा त्याचा धर्मगुरू असतो. तात्पुरत्या वस्तीसाठी तर तीन महिनेही पुरतात. आपण नऊ वर्षांचे ऐरोलीकर आहात. इतकेच नव्हे, १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) झाला असल्याने आणि ऐरोली मुंबई महाधर्मप्रांतात येत असल्याने आपले बिशपही वेगळे आहेत. मात्र रविवारच्या मिस्सेचे कर्तव्य कॅथलिक विधीने होणाऱ्या कोणत्याही मिस्सेत, अगदी शनिवारी संध्याकाळीही, पुरे होते, त्यामुळे सणावाराला, आईवडिलांना भेटायला गेलात की वसईत मिस्सा ऐकण्यात काहीही वावगे नाही. दर रविवारी जाणे मात्र मला पटत नाही, कारण त्यामुळे आपण वसईत पाहुणे व्हाल आणि ऐरोलीत अनोळखी राहाल.

आता भाषेविषयी. आपली तक्रार खरी आहे, तिला हळवेपणा समजून मी बाजूला सारणार नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना दार उघडले, ते लोकांनी समजून-उमजून उपासनेत भाग घ्यावा म्हणूनच. मराठी तर त्याच्याही फार आधीपासून ख्रिस्ती भक्तीची भाषा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेव्हा त्याच्या ओव्या ऐकणाऱ्या श्रोत्यांना आपण कोणत्या भाषेत ख्रिस्ती आहोत, असा प्रश्न पडला नसावा.

तरीही आपल्या पत्रातील कंसातले ते एक वाक्य मी दोनदा वाचले. प्रवचन मराठीत होते तेव्हा आपण झाडाखाली होता! हे टोचण्यासाठी म्हणत नाही, कारण ठाण्यात अर्धे आयुष्य काढलेल्या मलाही तसल्या एका झाडाची सावली चांगली आठवते. पण गावात श्रद्धेचा बराचसा भार गावच उचलत होते. आजी जपमाळ सुरू करी, शेजारी हाक मारी, सणाचा बँड उठवी. ऐरोलीच्या इमारतीत तो भार प्रथमच आपल्या एकट्याच्या खांद्यावर आला, आणि त्याच सुमारास भाषाही बदलली, म्हणून सारा दोष इंग्रजीच्या माथी गेला, असे मला वाटते. मिस्सा मराठीत झाली तरी तो भार कमी होणार नाही.

तलावपाळीला फिरायला येणाऱ्या ठाणेकरांनाही फारशी माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात उतरले आणि त्याच वर्षी इथे हुतात्मा झाले. त्यांतले तिघे इटलीचे होते आणि चौथा तिबिलिसीचा. ओदोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतानुसार तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिश्चनांची पंधरा घरे होती आणि त्यांतल्याच एका घरी हे चौघे उतरले होते. पाहुण्यांची उपासना लॅटिनमध्ये, यजमानांची सिरियाक भाषेत, आणि रोमच्या दृष्टीने यजमान परपंथीय! तरी घर उघडले गेले. आपल्या मिस्सेतल्या मल्याळी शेजाऱ्याकडे पाहताना ही पंधरा घरे मला नेहमी आठवतात.

प्रार्थनेतल्या कोरडेपणाविषयी सांगताना हल्ली प्रत्येक प्रवचनात मदर तेरेसांचे उदाहरण येते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता, हे जगाला कळले. उदाहरण खरे आहे, पण ते आपल्याला तसेच्या तसे लागू करण्याची घाई मी करणार नाही. आपला कोरडेपणा कदाचित निव्वळ दमणूक असेल. रोज लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आठ वाजता घरी येणाऱ्या माणसाला रात्री प्रार्थनेत काही जाणवले नाही, तर त्यात गूढ शोधण्याआधी त्याने प्रार्थना सकाळी करून पाहावी. संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मात्र आपल्याला चपखल लागू पडतो. मन उदास असताना आधी शांतपणे केलेला निर्धार बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी, असे ते सांगतात. आपण नेमके याच काळात धर्मग्राम सोडण्याचा विचार करत आहात. तो निर्णय निदान वर्षभर पुढे ढकला. घरातली प्रार्थना मात्र आजच मराठीत, किंवा गावच्या बोलीत, सुरू करा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पापनिवेदनासाठीही (कन्फेशनसाठीही) धर्मगुरू निवडण्याची मुभा धर्मसंहितेनेच दिली आहे, म्हणून मराठी जाणणाऱ्या फादरांकडे जा. जे मनात साचले आहे, ते उसन्या शब्दांत सांगत बसू नका.

राहिला खजिनदारकीचा प्रश्न. नसलेली भक्ती लोकांपुढे मिरवणे हा ढोंगीपणा असतो. वर्गणीचा हिशेब ठेवताना भक्ती मिरवावी लागत नाही, बेरीज बरोबर यावी लागते. म्हणून पद जरूर घ्या. फक्त पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा, रोख रक्कम एकट्याकडे ठेवू नका आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर वाचा, कारण समूहातली निम्मी भांडणे सणाच्या वर्गणीवरूनच होतात. या कामाच्या निमित्ताने आपण वीस-पंचवीस घरांचे उंबरे चढाल. त्यांतल्या एखाद्या घरी कोणी आजारी असेल, कोणाकडे नुकताच मृत्यू झाला असेल, आणि तिथे उभे राहून एक प्रार्थना म्हणावी लागेल. ती कोरडी निघाली तरी त्या घराला ती हवीच असेल.

मराठी मिस्सेची मागणी अवश्य करा. धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते, निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा, हे ध्यानात घेऊन तक्रार न करता विनंतीअर्ज द्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, एवढेच मागा आणि आठ-दहा कुटुंबांच्या सह्या जोडा. सोबत वाचन कोण करणार, गाणी कोण म्हणणार, यांचीही नावे लिहा. फादर पहिला प्रश्न तोच विचारतील. वाचकांच्या यादीत पहिले नाव आपले असू द्या. या खेपेला झाडाखाली उभे राहून चालणार नाही.