टॉरंटचा शेअर राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 61, राहतो भिवंडीत. निवृत्तीचे 40 लाख मिळाले. आमच्याकडे वीज टॉरंटची. ही कंपनी शहरामागून शहर घेत वाढली, म्हणून 15 लाखांचे शेअर घ्यावेत का? पाच वर्षांत तिप्पट होतील ना? उरलेल्या 25 लाखांची सोय बँकेने केली आहे: पाच वर्षं 5-5 लाख भरायचे, दहा वर्षांनी 32 लाख. पहिला हप्ता भरला, 12 दिवसांपूर्वी विमा पॉलिसी घरी आली. घरखर्च महिना 35 हजार, पेन्शन साडेचार हजार.

उत्तर: 40 मधून 25 गेले, 15 गेले. मग महिन्याचे साडेतीस हजार कुठून आणणार?

तुमचे हप्ते सरासरी आठ वर्षं अडकतात. 25 चे 32 म्हणजे वर्षाला जेमतेम तीन टक्के. साध्या सात टक्क्यांनीही 43 लाख झाले असते. एकसष्टीच्या माणसाच्या गळ्यात हे मारणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

सुदैवाने पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस ‘फ्री लूक’ची, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करण्याची, मुदत असते. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत जा. बँकेत जाऊ नका, तिथे समजूत काढत दिवस घालवतील. रद्द करण्याचा अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, तारखेची पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचं विमाशुल्क कापून पैसे परत मिळतात. टाळाटाळ झाली तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल.

नंतर 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत: 8.2 टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिना साडेवीस. पेन्शन धरून दहा हजार कमी पडतात. ते उरलेल्या दहा लाखांच्या एफडीतून काढायचे. महागाई बघता तेही फार वर्षं पुरणार नाहीत.

आता टॉरंट. अहमदाबाद आणि सुरतेच्या जुन्या वीज कंपन्या घेऊन, पुढे त्या एकत्र करून ती उभी राहिली. 2022 मध्ये दादरा-नगर हवेली, दमण-दीवच्या वितरणात 51 टक्के हिस्सा घेतला. भिवंडी मात्र तिने विकत घेतलेली नाही. 2007 पासून ती इथे महावितरणची फ्रँचायझी आहे: ठरलेल्या दराने वीज घ्यायची, गळती आणि थकबाकी कमी करून कमवायचं. जिथे वितरणाचा परवाना तिचा, तिथे नफा वीज नियामक आयोग (दर ठरवणारी सरकारी संस्था) बांधून देतो, आणि कंपनी घेताना जादा मोजलेली किंमत वीजदरातून वसूल होत नाही. शहरं वाढली म्हणून पैसे तिप्पट होतील, हे गणित इथे बसत नाही. घ्यायचाच असेल तर एक लाखापर्यंत घ्या, तोही पॉलिसीचे पैसे खात्यात जमा झाल्यावर.